वेगळा तवा

आमच्या कामथडीच्या घरी संध्याकाळी दोन आवाज असायचे. एक हमरस्त्यावरच्या ट्रकांचा, तो रात्रंदिवस चालूच. दुसरा आईच्या लाटण्याचा. कणकेचा गोळा पोळपाटावर पडला की थप्प, मग लाटण्याची कुरकुर, मग तव्यावर चपाती फुगून वाफ सुटताना बारीकसं फुस्स. दादा घरी यायची वेळ झाली हे आम्हा बहिणींना त्या आवाजांवरून कळायचं. दादा म्हणजे आमचे वडील. एसटीत कंडक्टर होते. अंगानं किरकोळ, आवाजानं भक्कम, आणि त्यांचा एकच हट्ट होता: रात्रीच्या ताटात चपाती पाहिजे. सकाळी भाकरी चालेल, भात तर आमच्या भोर-वेल्ह्याकडे कुणाला मागावाच लागत नाही, पण रात्री चपाती. तीही मऊ, पदर सुटलेली, वरून तेलाचं बोट फिरवलेली.

या हट्टाला कारण होतं. दादांचं लहानपण राजगडाच्या पायथ्याला गेलं, दुसऱ्याच्या भातखाचरात राबणाऱ्या घरात. तिथे नाचणीची भाकरी, वरीचा भात आणि कण्या. गहू दिसायचा तो सणासुदीला, आणि तोही दुसऱ्याच्या दारातून दिसायचा. नोकरी लागल्यावर दादांनी सायकल घेतली नाही, घड्याळ घेतलं नाही, गव्हाचं पोतं आणलं. आमच्या वस्तीतले लोक आम्हाला ‘चपातीवाले’ म्हणायचे. चिडवायलाच म्हणायचे, पण दादा ते ऐकून मिशीत हसायचे. अशा माणसाच्या पोटी मी जन्मले, जिला गहू सोसत नव्हता. माझ्या नशिबाला विनोदबुद्धी पुष्कळ होती, एवढंच म्हणते.

सोसत नाही हे कळायलाच माझं अर्धं बालपण गेलं. पोट सदा फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे, दिवसातून चारदा परसाकडे पळायचं. माझ्यापेक्षा लहान वंदी, माझी बहीण, उंचीत माझ्या पुढे गेली आणि तिचे जुने परकर मला येऊ लागले, याचं मला फार वाईट वाटायचं. शाळेत कवायतीच्या रांगेत मी कायम पहिली, म्हणजे सगळ्यांत बुटकी. केस विंचरले की फणीत गुंता यायचा. आईनं गंडे-दोरे केले नाहीत, दादांना ते चालत नसे, पण औषधं मात्र दिसतील ती सगळी पाजली. जंताची, रक्तवाढीची, भुकेची. आणि ताकद यावी म्हणून दूध-चपाती कुस्करून द्यायची. मी ती खायचे आणि पुन्हा पळायचे.

शेवटी पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी घशातून नळी घालून आतड्याचा तुकडा काढला, तो तपासला, आणि काही दिवसांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की या मुलीला गहू चालत नाही. गहू, जव, रवा, मैदा, पाव, बिस्कीट, सगळं बंद, आणि जन्मभर बंद. दादा ऐकत होते. मग बाई म्हणाल्या की नुसतं बंद करून भागणार नाही. हिचं पीठ वेगळं दळा, तवा वेगळा, परात वेगळी, ताट वेगळं, गव्हाचा कणही लागता कामा नये. बाई चांगल्या होत्या, समजावून सांगत होत्या. पण त्या ‘वेगळं’ म्हणाल्या की दादांचा चेहरा प्रत्येक वेळी थोडा आणखी बंद होत होता. ते मी बाजूच्या खुर्चीवरून पाहत होते.

परतीच्या गाडीत कात्रजचा घाट उतरला, खेड-शिवापूर गेलं, तरी दादा खिडकीबाहेरच बघत होते. शेजारी ओळखीचा कंडक्टर उभा होता, त्याला त्यांनी ओळखही दिली नाही. घरी आल्यावर हातपाय धुऊन ते ओट्यावर बसले आणि आईला हाक मारली. मी उंबऱ्यात उभी होते.

“गहू नको तर नको, भाकर खाईल पोरगी,” ते म्हणाले. “पन माझ्या घरात कुनाचा तवा येगळा न्हाई आन ताटबी येगळं न्हाई. माझ्या बापाचा कप हाटेलाच्या भाईर कुडाला आडकवल्याला आसायचा. च्या पिऊन त्यानं त्यो सोताच इसळायचा आन परत आडकवायचा. म्या पाह्यलाय त्यो कप. माझ्या पोरीचं भांडं म्या येगळं ठिवनार न्हाई.”

आई उठून चुलीकडे गेली. मला तेव्हा दादांचा अभिमान वाटला, हे खरं सांगते. माझ्यासाठी कुणीतरी भांडतंय असं वाटलं.

आता साठी ओलांडल्यावर, भोरच्या या दोन खोल्यांत एकटीनं राहताना, माझ्या फळीवर पाकिटांची रांग असते. ग्लूटेनमुक्त बिस्किटं, ज्वारीच्या शेवया, तांदळाचा पास्ता, डोशाचं तयार पीठ. पाकीट फोडा, उकळतं पाणी घाला, जेवण तयार. नर्सची नोकरी संपेपर्यंत मी रात्रपाळीला फुटाणे आणि चिक्की खाऊन दिवस काढले, तेव्हा यातलं काहीही नव्हतं. मोबाईलवर आमच्यासारख्यांचा एक गट आहे. पुण्याचे, साताऱ्याचे, एक जण तर नांदेडचा. हिंगाच्या डबीत गव्हाचं पीठ असतं हे मला त्या गटानं शिकवलं, तोवर मी वर्षानुवर्षं आमटीतून गहू खात होते. गटात नव्यानं आलेली आई विचारते, माझ्या मुलाला वेगळं भांडं ठेवू का, त्याला वाईट वाटेल. बाकीचे लगेच लिहितात, ठेवा, ठेवा. मी ते वाचते आणि मोबाईल पालथा ठेवते. भोरची मी त्यात एकटीच आहे.

तर दादांच्या नियमाप्रमाणे सुरू झालं. चपाती बंद, पण बाकी सगळं तेच. आई चपात्या लाटून झाल्या की त्याच परातीत नाचणीचं पीठ मळायची, त्याच तव्यावर भाकरी टाकायची. तव्याच्या कडेला चपातीची कोरडी कणीक जळून काळी झालेली असायची. पीठ गावच्या गिरणीत कुणाच्या तरी गव्हावर दळून यायचं. मी गहू सोडला होता आणि तरी बरी होत नव्हते. दादांना वाटायचं पुण्याच्या डॉक्टरांचंच काहीतरी चुकलं असावं. मला वाटायचं की माझंच काहीतरी चुकतंय, मी नीट बरी होत नाही.

त्या पावसाळ्यात आई मला घेऊन माहेरी गेली, गुंजवण्याला, भातलावणीसाठी. मामांचं घर आमच्यापेक्षा गरीब. वाटण्या होऊन उरलेल्या दोन खाचरांवर त्यांचं चालायचं. त्या घरात गव्हाचा दाणा नव्हता. सकाळी नाचणी, दुपारी भात आणि चिंबोऱ्यांचं कालवण, रात्री पुन्हा भात आणि सुकट. दळण घरच्या जात्यावर. मी गुडघाभर चिखलात मामींच्या रांगेत रोपं लावत होते आणि एके दिवशी लक्षात आलं की सकाळपासून मी एकदाही पळाले नव्हते. लावणी संपेपर्यंत माझं पोट उतरलं. मला भूक लागायला लागली, खरी भूक, जेवण झाल्यावरही चूल पाहत बसावं अशी. आई सगळं बघत होती. परत येताना मामांनी माळ्यावरचं एक जुनं लहान जातं दिलं, तेवढं तिनं हट्टानं मागून घेतलं.

कामथडीला आल्यावर आईनं नसरापूरच्या बाजारातून एक नवा तवा आणला आणि तो मागच्या पडवीत गोवऱ्यांच्या ढिगात लपवला. गोवऱ्यांना हात लावायची वेळ दादांवर कधी येत नसे. एव्हाना दादांची ड्यूटी बदलून बहुधा मुक्कामी गाडीची झाली होती. दुपारी गाडी घेऊन वेल्ह्याकडे कुठेतरी आत जायचे, रात्री तिथेच मुक्काम, सकाळी गाडी घेऊन परत. ते गेले की आई जातं मांडायची. त्याची घरघर सुरू झाली की शेजारच्या बायका डोकवायच्या. गिरणी असताना जातं कशाला, म्हणून विचारायच्या. आई म्हणायची, हात दुखतात, तेवढाच व्यायाम. याला काही अर्थ नव्हता, पण आई असं काही इतक्या शांतपणे म्हणायची की पुढं कुणी विचारत नसे.

मग दिवस मावळायच्या आत ती पडवीत तीन दगडांवर माझी भाकरी भाजायची, मला ॲल्युमिनियमच्या थाळीत वाढायची, आणि मी गोवऱ्यांकडे तोंड करून, घराकडे पाठ करून जेवायचे. घाईघाईत. आई दारात उभी. भाकरी गरम असायची, सोबत पातीच्या कांद्याचं कोरड्यास किंवा खर्डा. चव मला अजून आठवते आणि त्या वेळचं एकटेपणही. आतून वंदीच्या बोलण्याचा आवाज यायचा, ती रेडिओला उत्तरं देत बसायची. मी बरी होत होते, अंगाला मांस येत होतं, आणि त्या बदल्यात मला घराच्या मागे बसावं लागत होतं. ज्या दिवशी दादा घरी असत त्या दिवशी मी पंगतीत बसून नुसता भात घ्यायचे. दादा आग्रहानं भाकरी वाढायचे. मी ती मोडून ताटाच्या कडेला ठेवायचे आणि हळूच वंदीकडे सरकवायचे. वंदीनं कधी चहाडी केली नाही. ती भाकरी खाऊन टाकायची आणि माझ्याकडे बघायचीही नाही.

बाहेर तर बोलायलाच नको. विहारात बुद्धपौर्णिमेला गव्हाची खीर असायची, कायलीत शिजलेली, वस्तीतल्या सगळ्या घरांनी मिळून केलेली. मी द्रोण हातात घेऊन फिरायचे आणि कुणाच्या तरी लहान मुलाला द्यायचे. नसरापूरला दुकानात मला खाता येईल असं एकच तयार खाणं मिळायचं, ते म्हणजे उपवासाचं. राजगिऱ्याचे लाडू, साबुदाण्याच्या पापड्या. दुकानदार दर वेळी विचारायचा, आज काय धरलंय. मी म्हणायचे, सोमवार. एकदा दादांना माझ्या दप्तरात तो लाडवांचा पुडा सापडला. आपल्यात उपास कवापास्नं सुरू झालं, त्यांनी विचारलं, आणि मला आवडतात एवढंच मी सांगू शकले. त्यांनी एक लाडू खाल्ला आणि चांगला आहे म्हणाले.

असे दिवस जात होते. माझी वेणी जाड झाली. मी वंदीच्या खांद्यापर्यंत आले, मग कानापर्यंत. उशिरा का होईना, पाळी आली. दादा भेटेल त्याला सांगायचे, गहू सोडला आन पोरगी सुधारली, येगळं-बिगळं काय करायची गरज न्हाई. आई चुलीत लाकूड सरकवत ऐकून घ्यायची. मीही ऐकून घ्यायचे. खरं सांगायची भीती वाटायची. दादा मारतील अशी नव्हे, त्यांनी आम्हाला कधी बोट लावलं नाही. त्यांचा चेहरा पुन्हा तसा बंद होईल, ही भीती.

आणि एके दिवशी मुक्कामाची फेरी रद्द झाली. वेल्ह्याच्या रस्त्यावर दरड आली होती, गाडी वाटेतल्या मार्गासनीवरून परत फिरवली. दादा ऐन संध्याकाळी घरी आले. पुढच्या दाराला कडी होती म्हणून ते घराला वळसा घालून मागच्या बाजूनं आले. मी घास तोंडात घेत होते. पाठीमागे चप्पल थांबल्याचा आवाज आला. मी वळले तर दादा उभे होते, खाकी कपड्यात, खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटांची पेटी. ते थाळीकडे बघत होते, मग तव्याकडे, मग मी जिथे बसले होते त्या जागेकडे.

“कुनी बसवलं तुला हितं?” त्यांनी विचारलं. आवाज अगदी लहान होता.

मीच बसले, असं मी म्हटलं. ते आत गेले. पेटी ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं आता आईला बोलणार. पण बोलली आईच. इतक्या वर्षांत मी तिला दादांसमोर एवढं सलग बोलताना ऐकलं नव्हतं.

“तुमी भांड्याकडं बघत बसला, पोरीकडं न्हाई बघितलं,” ती म्हणाली. “मूठभर केसं ऱ्हायली हुती डोक्यावर. मला काय हौस न्हवती तिला गोवऱ्यात बसवायची. तुमच्या जिवाला लागंल म्हनून म्या लपवलं. आता तुमाला कळलंय. माझा तवा मोडा न्हाईतर ऱ्हाऊ द्या, पन तिची भाकर म्या त्याच्यावरच करनार.”

दादांनी तवा मोडला नाही.  दोनच दिवसांनी भोरहून येताना त्यांनी स्टीलचं एक नवं ताट, दोन वाट्या आणि तांब्या आणला. प्रत्येकावर माझं नाव कोरून घेतलं होतं, शोभा, आणि खाली गावाचं नाव. नवा तवा पडवीतून आत आला, चुलीशेजारच्या खुंटीवर उजळ माथ्यानं बसला. आणि दादांनी नियम केला. घरात सगळ्यांत आधी शोभाचं ताट. खोलीच्या मधोमध पाट मांडायचा, तिला वाढायचं, ती जेवून उठेपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही. वेगळं ठेवायचंच असेल तर ते मानाचं असेल, असं त्यांनी ठरवलं होतं. पाहुण्याला पहिलं वाढतात ना, तसं.

आज मला त्या ताटावरून हात फिरवावासा वाटतो. तेव्हा मात्र मला ते नकोसं झालं होतं. मी पाटावर एकटी मधोमध, आणि भिंतीला टेकून तिघं उपाशी बसलेली, माझ्या घासाकडे बघत. वंदीच्या पोटातले कावळे मला ऐकू यायचे. दादा मध्येच आईला खूण करायचे, तिला आणखी वाढ. कुणी बोलायचं नाही, कारण जेवताना पोरीला त्रास नको. गोवऱ्यांपाशी बसून निदान वंदीचं बोलणं तरी कानावर यायचं. इथे माझ्या चावण्याचा आवाज तेवढा यायचा. मी भराभरा गिळून उठायचे, मग पलीकडे त्यांची पंगत बसायची आणि लगेच बोलणं सुरू व्हायचं. गाडीत कोण भेटलं, कुणी फुकट प्रवास करायला बघितलं, नसरापूरच्या थांब्यावर कोण भांडलं. हसायचे. मी हात धुऊन दारात बसून ते ऐकायचे. दादांनी एवढ्या प्रेमानं केलेलं, त्यांना सांगायचं कसं? बारावी होईपर्यंत मी त्या पाटावर जेवले.

अजूनही माझं जेवण भर्रकन उरकतं. दोन वर्षांपूर्वी गटातल्या लोकांनी पुण्यात एकत्र जेवण ठेवलं, सगळ्यांना चालेल असं. ज्वारीच्या पिठाचा केक, तांदळाच्या शेवयांची खीर, कुणी घरून थालीपीठं आणली होती. पहिल्यांदाच कुणाला काही विचारायचं नव्हतं. मी वाढून घेतलं, खाली बघून खाल्लं, आणि मान वर केली तर सगळ्यांची ताटं अजून भरलेली होती. ते जेवता जेवता गप्पा मारत होते. ते मला कधी शिकवलंच गेलं नव्हतं. शेजारच्या बाईंनी विचारलं, एवढ्यात झालं? मी हो म्हटलं आणि पाणी प्यायला उठले.

नर्सिंगला नंबर लागला तेव्हा होस्टेलवर जायच्या आदल्या संध्याकाळी दादांनी रजा टाकली होती. ट्रंक भरून दाराशी ठेवली होती. आईनं जात्यावर दळलेल्या नाचणीच्या पिठाचा डबा, वर फडकं बांधून तयार केला होता. नेहमीसारखा पाट मांडला, माझं ताट आलं. भाकरी, इंद्रायणीचा भात, वालाचं बिरडं. भिंतीला टेकून तिघं बसली. मी घास मोडला आणि तो पुन्हा ताटात ठेवला. उद्यापासून मी कुठेतरी शंभर मुलींत एकटी जेवणार होते, हे मला ठाऊक होतं. पण आजही मी एकटीच जेवत होते.

“दादा,” मी म्हटलं, “मला एकटीला जेवायचं न्हाई.”

 दादांना कळेना. ते म्हणाले, “आगं, तुला आमचं चालत न्हाई.”

“ताट येगळं ऱ्हाऊ द्या,” मी म्हटलं. “बसायला या.”

 ताट वेगळं आणि पंगत एक, असं असू शकतं हे दादांच्या मनात कधी आलंच नव्हतं. त्यांनी जगात जिथे जिथे वेगळं भांडं पाहिलं होतं, तिथे माणूसही वेगळं बसवलेलं होतं. मी त्यांना इतकी वर्षं हे सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. आईनं डोळ्याला पदर लावला आणि तीन ताटं वाढायला घेतली.

दादा उठले. मोरीत जाऊन त्यांनी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, अंगातला सदरा झटकला, मग काढूनच ठेवला आणि बनियनवर आले. आपलं ताट उचललं, त्यात दोन चपात्या होत्या. ते ताट माझ्यापासून लांब, पलीकडच्या हातात धरून ते माझ्या रांगेत आले आणि उभेच राहिले. आमच्या मध्ये दोन माणसं सहज बसतील एवढी जागा होती. एसटीच्या गाडीत कोंबून माणसं भरणारे माझे दादा, त्यांनी त्या जागेकडे पाहिलं, माझ्या ताटाकडे पाहिलं, आणि खालच्या आवाजात विचारलं, “हितं बसलो तर चालंल का तुला?”

“आजून जवळ या,” मी म्हटलं.